दाणा उगवतीला, पाणी सावलीला

कोंबड्यांना पाणी कुठं ठेवायचं, यावर आमच्या घरात तीन पिढ्यांत जेवढं बोलणं झालं तेवढं जमिनीच्या वाटणीवरही झालं नाही. वाटणी एका दिवसात झाली आणि संपली. कोंबड्यांच्या पाण्याचं अजून चालूच आहे.

निफाड तालुक्यात, कादवा नदीपासून थोडं आत आमचा मळा. द्राक्षाची बाग, थोडा गहू, कांदा, दोन गायी आणि पंचवीस-तीस गावरान कोंबड्या. बाहेरच्या माणसाला निफाड म्हटलं की द्राक्षं आठवतात. आम्हाला थंडी आठवते. थंडी पडली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पेपरात छापून येतो आणि पुष्कळदा महाबळेश्वरपेक्षा आमचाच आकडा खाली असतो. डोंगर नाही, काही नाही, उघडी काळी रानं, कालव्याचं पाणी आणि रात्री निरभ्र आभाळ. दिवसा सदरा नको वाटतो आणि पहाटे हाताची बोटं वळत नाहीत. अशा ठिकाणी कोंबडी सांभाळायची तर दाण्या-पाण्याची जागा बघावी लागते.

आई अंगणात दाणा टाकायची तो खुराड्याच्या उगवतीला, आणि पाणी ठेवायची ते चिंचेखाली, मावळतीच्या बाजूला. मधलं अंतर वीस-पंचवीस पावलांचं. लहानपणी वाटायचं, ही उगाच म्हातारीची खोड. दाण्याजवळच पाणी ठेवलं तर बिचाऱ्यांची पायपीट वाचेल. पण दाण्याजवळ पाणी असलं की कोंबडी चोचीतली भरड पाण्यात कालवते, उकरताना पायाने माती उडवते आणि तासाभरात पाण्याचा चिखल होतो. सांडलेल्या पाण्याने दाणा ओला होतो, ओला दाणा आंबतो, त्याला बुरशी धरते. बुरशीचा मका खाऊन कोंबड्या पटापट मेलेल्या मी दुसऱ्यांच्या मळ्यात पाहिल्या आहेत. वरून धडधाकट दिसतात, आतून काळीज सडलेलं असतं. उगवतीचं कारण वेगळं. थंडीत पहिलं ऊन तिथं पडतं. खुराड्यातून सुटलेली कोंबडी आधी उन्हाला जाते, मग दाण्याला. दोन्ही एका जागी असलं की ती उन्हात उभी राहून खाते, अंगही शेकतं. पाणी मात्र बारा महिने सावलीत. उन्हात ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत तापतं, त्याला शेवाळ धरतं आणि कोंबडी त्यात नुसती चोच बुडवून निघून जाते.

पाण्याचं भांडं म्हणजे फुटक्या माठाचं बूड. ते विटेवर ठेवायचं, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खाली असलं तर त्यात घाण जाते, फार वर असलं तर तलंगांना पोचत नाही. पिल्लांसाठी वेगळं पसरट भांडं, आणि त्यात धुतलेले खडे. खडे कशाला? पिल्लू पाणी प्यायला वाकतं, मागचं पिल्लू ढकलतं आणि दोन बोटं पाण्यातही ते बुडून मरतं. एकवीस दिवस खुडूक कोंबडीने बसून काढलेलं पिल्लू असं वाया गेलं की आई दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. दादा आणि आई दोघंही खडी फोडायला जायचे. रेशनला लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. त्या वर्षी गावातल्या बहुतेकांनी कोंबड्या विकल्या नाहीतर कापल्या. दाणाच नव्हता. आईने चार ठेवल्या. मिलो पाखडताना सुपातून जे खाली पडे, तेवढंच त्यांचं. बाकी त्यांनी किडे-मुंग्या शोधायच्या. पाण्याचा प्रश्न मोठा होता. विहिरीचा तळ दिसत होता, दोन हंड्यांवर दिवस काढायचा. आई सकाळी तोंड धुतलेलं पाणी सुद्धा जमिनीवर पडू द्यायची नाही, ते जर्मलच्या ताटात झेलायची आणि कोंबड्यांपुढे ठेवायची. दादा एकदा म्हणाले, "माणसाला पाणी नाही आन् तू पाखरांना पाजतीस." आई म्हणाली, "माणूस मागून पिईल. हिला तोंड हाय का मागायला?" पुढे त्यावर बोलणं झालं नाही. चारच्या चार जगल्या. पुढच्या पावसानंतर आमच्या मळ्यात आणि शेजारच्या दोन वस्त्यांवर ज्या कोंबड्या झाल्या, त्या या चारींच्या वंशातल्या.

१९७६ साली मी दहावीला बसलो तेव्हा परीक्षेची फी अंड्यांच्या पैशातून गेली. दादांकडे पैसे नव्हते असं नाही, पण कांद्याचे पैसे आले की ते सोसायटीच्या कर्जात जायचे. अंड्यांचे पैसे आईचे. ते ती कणगीमागच्या डब्यात ठेवायची आणि त्या डब्याला दादांनी कधी हात लावला नाही. गावाकडच्या बाईची स्वतःची म्हणावी अशी कमाई त्या काळात एवढीच. शेत नवऱ्याच्या नावावर, गाय नवऱ्याच्या नावावर, दागिने सासूकडे. कोंबडीचा उतारा मात्र तलाठ्याकडे नसतो.

नंतर आमच्याकडे द्राक्षं आली. पैसा आला, कर्ज आलं आणि औषधं आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या मळ्यातल्या फवारणीच्या गड्याने औषधाचा ड्रम आमच्याकडे येणाऱ्या पाटात धुतला. उन्हाळ्याची सकाळ. आमच्या कोंबड्या पाटावर पाणी प्यायला गेल्या. दुपारपर्यंत अकरा कोंबड्या पाय ताणून पडल्या. तोंडातून लाळ, माना वाकड्या. आधी वाटलं मानमोडी आली. पण मानमोडी अशी तीन तासांत अकरा घेऊन जात नाही. आईने एकेक उचलून खड्ड्यात टाकली, वर चुना टाकला. कुणाला खाऊ दिली नाही. दोघं-तिघं मागायला आले होते, त्यांना तिने हाकललं.

त्यानंतर तिने एक केलं. पाण्याची भांडी एकाची चार केली. एक चिंचेखाली, एक गोठ्याच्या मागे, एक उकिरड्यापाशी आणि एक बांधावरच्या बोरीखाली. कोंबड्या दिवसभरात जिथं जिथं फिरतात, तिथं तिथं. तिचं म्हणणं साधं होतं. तहानलेली कोंबडी कुठलंही पाणी पिते, भरल्या पोटाची कोंबडी गटाराकडे जात नाही. पाटावर जाऊ नको म्हणून तिला सांगता येत नाही आणि शेजाऱ्याच्या गड्यालाही रोज सांगता येत नाही. मग पाटावर जायची गरजच ठेवायची नाही. मला हे आजही फार मोठं वाटतं. आम्ही पुरुष मंडळी त्या वेळी कुंपण घालायचं, भांडण करायचं, पोलिसात जायचं असलं बोलत होतो.

आता थंडीचं सांगतो, कारण शहरातले पाहुणे हेच विचारतात की कोंबड्यांना स्वेटर घालता का. स्वेटर तिचं तिच्या अंगावर आहे. कोंबडी पिसं फुलवून बसते, त्या पिसांत हवा धरते आणि त्या उबेवर रात्र काढते. तिला दोनच गोष्टी मारतात, ओल आणि अंगावर येणारा वारा. म्हणून खुराड्यात रात्री पाणी ठेवायचं नाही. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही, दाणाही खात नाही. ठेवलेलं पाणी नुसतं सांडतं, खालचं भुसकट ओलं होतं, त्यातून डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो आणि आठ दिवसांत कोंबड्यांची नाकं वाहायला लागतात. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधायचं, पण वरच्या अंगाला चार बोटं फट सोडायची. काही लोक थंडी म्हणून खुराडं सगळीकडून लिंपून टाकतात. सकाळी दार उघडलं की आतून वाफ येते. ती वाफ म्हणजे ओल.

दाण्याचं थंडीतलं गणित संध्याकाळी असतं. सकाळी भरड, संध्याकाळी अख्खा दाणा. बाजरी किंवा मका, दिवस मावळायच्या तासभर आधी. पोटुळी भरून कोंबडी आढीवर बसली की तो दाणा रात्रभर हळूहळू पचतो आणि पचताना ऊब देतो. सकाळी हात लावून बघा, दाणा खाल्लेल्या कोंबडीच्या गळ्याखालची थैली रिकामी झालेली असते आणि अंग गरम असतं. कोंडलेली मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. मोकळी सोडलेली कोंबडी त्यातलं बरंचसं रानात मिळवते, पण थंडीत किडे कमी, गवत करपलेलं, म्हणून हात थोडा सैल सोडावा लागतो. घरातलं उरलंसुरलं चालतं, खारट तेवढं नको. लोणच्याचा खार, खारवलेले शेंगदाणे, पापडाचे तुकडे कोंबडीला बाधतात.

आणि पाणी. खाल्लेल्याच्या दुप्पट पाणी तिला लागतं. अंडं म्हणजे चारातले तीन भाग पाणीच. पहाटेचं गारठलेलं पाणी कोंबडी पीत नाही. पाणी नाही म्हणून दाणा कमी खाते, दाणा कमी म्हणून अंडं बंद. लोक म्हणतात थंडीने अंडी बंद झाली. थंडीत दिवस लहान होतो त्यानेही अंडी कमी होतात हे खरं, पण निम्मं खापर पाण्याचं असतं.

आमच्याकडे पहाटेचं गरम पाणी फुकट मिळतं हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. हिवाळ्यात भल्या पहाटे मोटार सुरू केली की पाइपातून वाफ निघते. स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी मात्र रात्रभर उघड्या आभाळाखाली निवून बर्फ झालेलं असतं. आई टाकीचा नळ कधी वापरायची नाही. मोटार सुरू झाली की पहिली बादली कोंबड्यांची. अडचण एवढीच की थ्री फेज लाइट आपल्या सोयीने येत नाही. कधी रात्री बाराला येते आणि पहाटे जाते. तेव्हा चुलीवर पातेलं ठेवायचं.

डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला. ती रात्र आमच्या तालुक्यात कुणी झोपलं नाही. द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरायला लागलेलं, असल्या थंडीत मणी तडकतात, नाहीतर गुलाबी पडतात आणि व्यापारी तोंड फिरवतो. वर्षभराचा पैसा वेलीवर टांगलेला असतो. दोन वाजल्यापासून जो तो बागेत शेकोट्या पेटवत होता. ओलं-सुकं जळण, वाळलेल्या काड्या, जुनी भुसकटं. धूर बागेवर धरून ठेवायचा आणि पहाटे ठिबक सोडून मुळाशी कोमट पाणी द्यायचं. मी, थोरला आणि दोन गडी बागेत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पाचच्या सुमारास चहा घ्यायला घराकडे आलो तर आई खुराड्यापाशी. वय तेव्हा चौऱ्याऐंशी. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी आणि सूनबाई हातात बादली धरून शेजारी उभी. रात्री बाहेर राहिलेल्या भांड्यातल्या पाण्यावर कागदासारखा पापुद्रा धरला होता. आईने तो काठीने फोडला, पाणी ओतून दिलं, भांडं पालथं करून झटकलं आणि नवं कोमट पाणी भरलं. मग तिने पातेल्यातली गरम भरड पाटीत काढली, त्यात चिमूटभर हळद आणि ठेचलेला लसूण. मी म्हणालो, "आई, घरात जा, हवा लागंल." ती म्हणाली, "तू तुझी बाग बघ. मी माझी बघते."

त्या हंगामात आमच्या बागेचा तिसरा हिस्सा गेला. कोंबडी एकही गेली नाही. हे मी बागेपेक्षा कोंबड्या बऱ्या असं सांगायला लिहीत नाही. बागेनेच घर चालतं, दोन मुलांची शिक्षणं बागेनेच केली. पण जानेवारी ते एप्रिल घरात रोख पैसा असा नव्हता आणि किराण्याची उधारी अंड्यांवर फिटत होती, तेही खरं.

२०२० साली आई गेली, म्हातारपणाने. कोंबड्या सूनबाईकडे आल्या. ती इगतपुरीकडची, पावसातली. तिच्या माहेरी पाणी भरपूर आणि खुराडं पडवीत. इथली थंडी तिने आईच्या हाताखाली शिकली आणि काही गोष्टी स्वतःच्या घातल्या. ठिबकच्या कामातून उरलेला चार इंची पाइप उभा चिरून तिने दाण्याची पन्हळ केली. ती काठोकाठ भरायची नाही, तिसरा हिस्साच भरायची. भरून टाकली की कोंबड्या चोचीने दाणा बाहेर उडवतात आणि उंदरांची सोय होते. वेळेवर लस देते. मानमोडीची लस पिल्लू आठवड्याचं असताना डोळ्यात थेंब टाकून. आई लस मानायची नाही, अंगारा मानायची. आता अंगाराही लावतात आणि लसही देतात.

नांदूर मध्यमेश्वरचं धरण आमच्यापासून लांब नाही. थंडीत तिथं परदेशातून पक्षी उतरतात, बघायला मोटारी भरून लोक येतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून पशुवैद्यकीयवाले सांगतात की जंगली पाखरं उतरतात त्या पाण्यावर कोंबड्या जाऊ देऊ नका. म्हणून सूनबाईने शेततळ्याच्या बाजूचं भांडं उचललं आणि बाकीच्या भांड्यांवर पत्र्याचं छोटं छप्पर केलं, वरून बगळ्या-कावळ्यांची विष्ठा पडू नये म्हणून. मधे एका पाहुण्याने तिला कडकनाथाच्या योजनेत पैसे घालायला सांगितलं होतं. कंपनी पिल्लं देणार, खाद्य देणार, मोठी झाली की परत विकत घेणार. तिने एकच विचारलं, "पाणी कोण ठेवणार?" पाहुण्याला ते कळलं नाही. पुढे त्या कंपनीचं ऑफिस बंद झालं आणि पाहुण्याचे पैसे बुडाले.

खरी अडचण घरातूनच आली. थोरल्याने माल परदेशात पाठवायचं ठरवलं. त्यासाठी बाग तपासायला माणूस येतो. औषधांच्या नोंदी बघतो, हात धुवायची सोय बघतो. त्याने बागेत कोंबडीची पिसं आणि विष्ठा पाहिली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्या रात्री थोरला जेवताना म्हणाला, "कोंबड्या काढून टाकू. दोन-तीन हजारांच्या अंड्यांसाठी लाखांचा माल अडवायचा का?"

सूनबाई वाढत होती. तिने भाकरी ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, त्यांना सांगा, कोंबड्या आत्यांनी मला दिल्यात. विकायच्या असतील तर मी विकीन." आई तिची आजेसासू, पण ती तिला आत्याच म्हणायची.

घरात चार दिवस गार वारं. थोरल्याचं चूक नव्हतं. तिचंही नव्हतं. मी मधे पडलो नाही, कारण अशा वेळी सासऱ्याने तोंड उघडलं की ते कुणा एकाच्या बाजूचं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर दाण्याची पन्हळ नेहमीच्या जागेवर नव्हती. दहा पावलं सरकलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दहा. ती बागेकडची बाजू सोडून कोंबड्यांना गोठ्यामागे, उकिरड्याकडे नेत होती. एकदम नेली असती तर कोंबड्या जुन्याच जागी येऊन ताटकळत बसल्या असत्या, कोंबडीसारखं सवयीचं जनावर नाही. पन्हळीमागोमाग पाण्याची भांडीही सरकली. बागेच्या बाजूचं भांडं सगळ्यात शेवटी उचललं. ज्या दिवशी उचललं त्या दिवशी पलीकडे दोन भरून ठेवली. उकिरड्यापाशी तिने शेणाचा पो पलटून ठेवायला सुरुवात केली, खाली किडे-आळ्या होतात. तीन आठवड्यांत सगळा कळप घराच्या मागच्या अंगाला राहायला लागला. उगवतीचं ऊन तिथं उशिरा येतं, तेवढी एक गोष्ट गेली. थंडीत त्यासाठी तिने गोठ्याची पूर्वेकडची चटई सकाळी वर गुंडाळायची ठरवली.

दोन कोंबड्या काही ऐकेनात. एक लंगडी आणि एक मान उघडी. त्या वेलींखालच्या सावलीत धुळीत लोळायला जायच्याच. दाणा नको, पाणी नको, त्यांना माती हवी. सूनबाईने त्यांच्यासाठी गोठ्यामागे राख आणि बारीक माती मिसळून खड्डा केला. लंगडी वळली. मान उघडी नाही.

शेवटी बागेच्या त्या कडेला जाळी मारली. साडेतीन हजार रुपये लागले. थोरला पाकीट काढायला गेला तर तिने डब्यातून पैसे आणून दुकानदाराच्या पोराच्या हातावर ठेवले आणि पावतीवर स्वतःचं नाव घालायला लावलं. परवा तपासणीवाला येऊन गेला. जाळी बघितली, दरवाजा ओढून बघितला, आणि जाताना थोरल्याला विचारलं, "गावरान अंडी मिळतील का डझनभर?" थोरला म्हणाला, "घरात विचारावं लागेल."